चाळीस मार्कांची गरिबी

मदिनाबीचं ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांची यादी करायला कुणी सकाळी सोलापूरच्या विजापूर वेशीत बसला असता, तर दिवस मावळेपर्यंत त्याची यादी जेमतेम सात रस्त्यापर्यंत पोचली असती. पटणाऱ्यांची यादी मात्र सोपी होती. त्यात नात समरा होती, आणि ज्या दिवशी औषध वेळेवर घेतलं असेल त्या दिवसापुरता नवरा गैबीसाब होता.

घरात सगळे दखनी बोलत. पण भांडण मदिनाबी मराठीतच करायची. भांडण अख्ख्या बोळाला कळलं नाही तर ते केल्याचा उपयोग काय, असा तिचा सरळ हिशेब होता. बोळात तिच्या घराला लागून बजाबाईचं घर. बजाबाई धनगराची, तीस वर्षांची शेजारीण. या तीस वर्षांत दोघींनी एकमेकींशी बोलणं कितीदा तरी कायमचं बंद केलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते साखर संपेपर्यंत टिकलं होतं.

मदिनाबी कडक भाकरी करायची. ज्वारीची, बाजरीची, हातावर पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग चुलीच्या धगीला उभी करून वाळवलेली. पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सोलापूरची आठवण म्हणून लोक या भाकरीच्या चळती बांधून देत. चूल घरामागच्या पत्र्याच्या आडोशाला होती. धूर घरात येई, घरातून बोळात जाई, आणि बोळातून कुणी खोकला की मदिनाबी आतून विचारी, "कोण रे तो नाजूक?"

तिच्या सगळ्या वैऱ्यांत अव्वल नंबर चिंतामणी मास्तरांचा. चौदा वर्षांपूर्वी मास्तरांनी तिच्याकडून एक डझन भाकरी नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत आणल्या. दारात चार गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी पुडकं सोडलं, एक भाकरी दोन बोटांत धरून वाकवली आणि म्हणाले, "ही वाकते." एवढंच. पावसाळी हवा होती, पुडकं रात्रभर मास्तरांच्याच ओट्यावर उघडं राहिलं होतं, हे सगळं खरं. पण कडक भाकरी करणाऱ्या बाईला चारचौघांत "ही वाकते" म्हणणं म्हणजे काय, हे आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवणाऱ्या माणसाला कळायचा काही मार्ग नव्हता. मदिनाबीनं पैसे परत केले, आणि त्या दिवसापासून मास्तरांना भाकरी बंद. त्यांनी शेजारच्याला पाठवलं तरी ती ओळखायची. "ही भाकरी कुणाच्या तोंडात जाणार हाय ते आदी सांग," असं ती चेहरा बघून विचारी. मास्तरांनीही हट्ट सोडला नाही. चौदा वर्षं ते दुकानातली पाकिटबंद भाकरी खात होते आणि भेटेल त्याला ती उत्तम असते असं सांगत होते. सांगताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

तर असे हे चिंतामणी मास्तर, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेले, एका शनिवारी मदिनाबीच्या घरी तिची गरिबी मोजायला येणार होते.

झालं असं की समरा बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि तिला नर्स व्हायचं होतं. पुण्याची एक संस्था दर वर्षी गरीब घरच्या काही मुलींना नर्सिंग शिकवायची. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. ती जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर नवी पेठेत साडीच्या दुकानात घड्या घालायचं काम तयार होतं. तिसरा रस्ता नव्हता. आता, उत्पन्नाच्या दाखल्यावर हे घर गरीब नव्हतंच. समराचा बाप गुफरान सांगोल्याची डाळिंबं वाहून नेणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर. डाळिंबाचा हंगाम असेल तेव्हाच काम, पण मालकानं कुठल्याशा कागदासाठी बाराही महिन्यांचा पगार लिहून दिलेला. आई नाजनीन टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. तिचा पगार त्यात मिळवला की कागदावर हे कुटुंब चक्क खाऊनपिऊन सुखी दिसायचं. आजवर प्रत्येक सरकारी खिडकीतून मदिनाबी हा कागद घेऊन परत आलेली, आणि येताना खिडकीतल्या माणसाचं नाव आपल्या यादीत घालून आलेली.

पण ही संस्था निराळी होती. तिला दाखला नकोच होता.

"मग काय पायजे त्यांना?" मदिनाबीनं विचारलं.

समरानं मोबाइलवरचा फॉर्म वाचून दाखवला. "पैसे किती येतात ते विचारतच नाहीत, दादी. पैशानं काय काय झालं नाही, ते विचारतात. घरातलं शिक्षण, आजारपण, पाणी, संडास, चूल, सामान, खाणं. जे नाही त्याला मार्क. शंभरातले चाळीस पडले की पास."

"नसल्याचे मार्क?"

"हो."

"आणि मार्क देणार कोण?"

समरानं जरा थांबून नाव सांगितलं. संस्थेचं सोलापुरातलं काम चिंतामणी मास्तर बघायचे. फुकट बघायचे आणि घरोघर स्वतः जायचे, कारण दुसऱ्या कुणाच्या तपासणीवर त्यांचा विश्वास नव्हता.

मदिनाबीनं त्या दिवशी चौदा भाकऱ्या करपवल्या.

---

इथं बोळाच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

बोळात कुणाकडे पाहुणे घर बघायला येणार असतील, म्हणजे मुलगी बघायला, तर सामान फिरायचं. ज्याच्याकडे जे चांगलं ते त्या घरी जायचं. अमक्याच्या खुर्च्या, तमक्याचा गालिचा, कुणाचे सोनेरी काठाचे कप. बजाबाईच्या मुलानं, बिरदेवनं, एका वर्षी चाकाच्या स्टँडसकट फ्रिज घेतला, तेव्हापासून तर काम फारच सोपं झालं. तो फ्रिज ढकलत कुठल्याही घरात नेता यायचा. त्या एका फ्रिजनं आजवर बोळातल्या सहा पोरी उजवल्या होत्या. सहाही सासरच्यांना पुढे कधीतरी कळलंच, पण तोवर फ्रिज सातव्या घरी उभा असायचा.

त्यामुळे मदिनाच्या घरी कुणी घर बघायला येणार हे कळताच बजाबाईनं पदर खोचला.

"फ्रिज शुक्रवारीच लावू, मदिने. गार व्हायला येळ लागतोय."

"फ्रिज नको, मावशी," समरा म्हणाली. "या वेळी गरीब दिसायचंय."

बजाबाईला हे पचायला थोडा वेळ लागला. पण ती कामाची बाई होती. "मग उलटं करू की," ती म्हणाली. "आणायच्याऐवजी न्यायचं."

समरा नको म्हणत होती. जे आहे ते दाखवू, असं ती तीनदा म्हणाली. पण बोळानं एकदा काम अंगावर घेतलं की ज्याच्यासाठी ते करायचं त्याचं मत कुणी विचारत नसे. आणि मदिनाबी? तिला तर हे नेणं-आणणं मुळातच पसंत नव्हतं. त्या माणसानं आपल्या घरात येऊन रिकाम्या भिंती बघायच्या, या कल्पनेनं ती भाकरी नको तेवढ्या जोरात थापत होती. पण समराकडे बघून ती कबूल झाली. एका अटीवर.

"सामान न्या. पर बोलणार मी. माझ्या घरात काय हाय काय न्हाय, ते माझ्या तोंडानं सांगणार. पोरीनं मधी बोलायचं न्हाय."

कुणीच याचा अर्थ लक्षात घेतला नाही.

शनिवारी सकाळी टीव्ही गेला. टेबलफॅन गेला, छताचा पंखा उतरवून गेला. गॅसचा सिलिंडर, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळं बजाबाईकडे. मग बिरदेव खाटेकडे आला. बिरदेव कुठल्याही कामाला नाही म्हणत नसे आणि कुठलंही काम पुरतं ऐकून घेत नसे. खाटेवर गैबीसाब होता. आयुष्यभर रिक्षा चालवून फुप्फुसं खराब झालेली. चार पावलं टाकली की दम लागायचा. त्याला उठवून बसवणं म्हणजे अर्धा तास. बिरदेवनं आणखी एकाला हाक मारली, आणि दोघांनी खाट गैबीसाबसकट उचलली. गैबीसाबनं काहीही विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात या घरात प्रश्न विचारून काय मिळतं ते त्याला माहीत होतं. बोळातून जाताना त्यानं दोन ओळखीच्यांना सलाम मात्र केला.

---

चिंतामणी मास्तर बरोबर अकराला आले. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत पुठ्ठ्याची फाइल. दारात थांबून त्यांनी चपला काढल्या आणि त्या भिंतीला समांतर ठेवल्या.

"या," मदिनाबी म्हणाली. कुणाला "चालते व्हा" म्हणायलाही लोक यापेक्षा गोड आवाज काढतात.

मास्तर चटईवर बसले. समोर मदिनाबी. समरा भिंतीला टेकून, ओठ दाबून.

"घरात शाळा कोण कोण शिकलंय?"

"सगळे."

"तुम्ही किती शिकलात?"

"सातवी," मदिनाबी म्हणाली. ती दुसरीच्या वर्गातून उठली होती, तेही परीक्षेआधी. पण समोर मास्तर बसलेला असताना दुसरी म्हणायला तिची जीभ वळेना.

मास्तरांनी लिहिलं. समरानं डोळे मिटले. तिथे बारा मार्क गेले.

"पाणी?"

"नळ हाय की."

"किती दिवसांनी येतो?"

"रोज." अख्ख्या सोलापुरात ज्याच्या घरी रोज नळाला पाणी येतं असा माणूस मास्तरांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"रोज? माझ्याकडे पाचव्या दिवशी येतं."

"तुमच्या वस्तीचं तुमी बघा, मास्तर."

"संडास?"

"सोताचा."

"कुठे आहे?"

"मागं. आता कुणीतरी आत हाय."

बोळाच्या तोंडाशी असलेला सात घरांचा सामाईक संडास मास्तरांनी येताना बघितला होता. त्याच्यापुढे बादली घेऊन उभा असलेला माणूसही बघितला होता. त्यांनी तसंच लिहून घेतलं. त्यांची शिकवायची पद्धतच तशी होती. पोराला चुकीचं गणित शेवटपर्यंत सोडवू द्यायचे.

"जेवण?"

"तीन टायमाला. शुक्रवारी मटण."

"दर शुक्रवारी?"

"कधीकधी गुरुवारी बी."

"बरं. घरात माणसं किती?"

"पाच."

"इथे तर दोघीच आहात."

"पोरगा टेम्पोवर, सून कामाला."

"चार झाले. पाचवं माणूस?"

"नवरा. शेजारी हाय."

"ते आजारी असतात असं फॉर्ममध्ये लिहिलंय. मग शेजारी कशाला?"

"खाट तिकडं गेली म्हणून," मदिनाबी म्हणाली.

बोलून गेल्यावर मदिनाबीलाही कळलं. मास्तरांनी मान वर करून छताच्या हुकाकडे बघितलं, तिथे दोन ताज्या उघड्या वायरी लोंबत होत्या. मग भिंतीवरच्या घड्याळाएवढ्या पांढऱ्या गोलाकडे. मग शहाबादी फरशीकडे, जिथे सिलिंडरच्या बुडाची गंजाची गोल खूण होती, कंपासनं काढल्यासारखी. भूमितीच्या मास्तरांना वर्तुळ ओळखायला शिकवावं लागत नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मदिनाबाई, फॉर्मवर शेवटची ओळ आहे. माहिती लपवली तर अर्ज बाद."

"लपवली कुटं? मी तर सगळं हाय म्हणाले."

हेही खरं होतं, आणि त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडलं. घरातलं जे होतं ते लपवलेलं, आणि जे नव्हतं ते सगळं आहे म्हणून सांगितलेलं. सिलिंडर, पंखा आणि टीव्ही मिळून मार्क जात होते सहा. मदिनाबीनं तोंडानं घालवले होते तिसाच्या वर. शिवाय घरातल्या कायमच्या आजारी माणसाचे आठ मार्क होते, ते बिरदेव सकाळीच खाटेसकट उचलून घेऊन गेला होता.

मास्तर उठले. समरा दारात आडवी उभी राहिली.

"सर, अर्धा तास. सगळं जागेवर येईल. मग तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि उत्तरं मी देते."

"हा फेरपरीक्षेचा प्रकार झाला."

"तुमच्या शाळेत फेरपरीक्षा नव्हती?"

"होती," मास्तर नाराजीनं म्हणाले. "नियमानं होती." आणि परत बसले. मदिनाबीकडे पाठ करून बसले, ते तिनं बघितलं.

समरानं बोळात जाऊन सांगितलं, दादीच्या घरात सामान न्या. बिरदेवनं नेहमीप्रमाणे एवढंच ऐकलं. टीव्ही आला, पंखे आले, सिलिंडर आला. गैबीसाब खाटेवरून परत आला. वाटेत त्यानं त्याच दोघांना पुन्हा सलाम केला. आणि सगळ्यात शेवटी, मदिनाच्या घरी सामान म्हटल्यावर वर्षानुवर्षांच्या सवयीनं, चाकं करकरत, बजाबाईचा फ्रिज आत आला आणि मास्तरांच्या समोर उभा राहिला.

"हा मघाशी फॉर्ममध्ये नव्हता," मास्तर म्हणाले.

"हा आमचा न्हाय," मदिनाबी म्हणाली.

"मघाशी तुम्ही सगळं तुमचं म्हणत होतात."

"मगाशी हा हितं नव्हता."

मास्तरांनी फ्रिज उघडला. आत दही होतं, मोड आलेली मटकी होती आणि बजाबाईच्या गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती. बजाबाई धावत आली. "माझा हाय वो मास्तर. आमच्या बिरोबा देवाची आण."

"मग इथे कशाला आणला?"

"घर बघायला आलं की आणतोच की आमी," बजाबाई म्हणाली. तिला यात काही सांगण्यासारखं वाटलंच नाही. मास्तरांनी बराच वेळ फ्रिजकडे, मग बजाबाईकडे बघितलं आणि नव्या कागदावर लिहायला घेतलं. फ्रिज तिथेच राहिला, कारण बिरदेव जेवायला गेला होता.

---

या वेळी समरा बोलली. दादी दुसरीतून उठलेली. पाणी पाचव्या दिवशी, ते पिंपात भरून ठेवतो. संडास सात घरांत एक. गॅस चहापुरता, बाकी चूल. आजोबांचं फुप्फुस, हे कागद. मास्तर एकेक कागद उजेडात धरून बघत होते. मदिनाबी खाली फरशीकडे बघत बसली. आयुष्यभर एकेक करून झाकलेली गोष्ट नात त्या माणसापुढे उघडून ठेवत होती, आणि तो पेनानं टिक करत होता. पण ती गप्प होती. गप्प मदिनाबी बघायला बजाबाई दारात थांबून राहिली होती.

"शेवटचा प्रश्न," मास्तर म्हणाले. "गेल्या महिन्याभरात, घरात पुरेसं नाही म्हणून कुणी एखादं जेवण टाळलं का?"

"नाही," समरा म्हणाली. खरं तेच तिनं सांगितलं. तिला तेच खरं माहीत होतं.

मास्तरांनी बेरीज केली. खालून वर केली, मग वरून खाली. निकाल घरी सांगायचा नाही असा संस्थेचा नियम होता, पण पस्तीस वर्षांची सवय नियमाचं थोडीच ऐकते.

"अडतीस," ते म्हणाले.

"चाळीस लागतात," समरा म्हणाली.

"हो."

"दोन मार्कांनी, सर?"

"मी नोकरीत कधी कुणाला वाढवून मार्क दिले नाहीत. हवं तर विचार कुणालाही." त्यांनी फाइलची नाडी बांधायला घेतली. त्यांना वाईट वाटत होतं की बरं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

"शेवटच्या प्रश्नाला किती हायत?" मदिनाबीनं विचारलं.

"दहा."

"मग ते परत लिहा. टाळलं."

मास्तर थांबले. "कोणी?"

"मी. सोमवारी आणि गुरुवारी."

"दादी," समरा म्हणाली, "तो तर रोजा असतो." मग मास्तरांना म्हणाली, "सर, आमच्यात सोमवार-गुरुवारचे रोजे धरतात. दादी रमजान नसतानासुद्धा धरते. पाच-सहा वर्षं झाली."

"उपवास धरता येत नाही," मास्तर म्हणाले. "ते धर्माचं झालं. स्वखुशीचं. माझी आईही करायची. प्रश्न न मिळाल्याचा आहे."

मदिनाबीनं मान वर केली. तिच्या डोळ्यात एवढा राग होता की बजाबाई दारातून एक पायरी खाली उतरली.

"रोज्याला नियत करावी लागती, मास्तर. मनात म्हणावं लागतंय, अल्लासाठी धरते म्हणून. मी एकदा बी म्हणले न्हाय. पिठाचा डबा बघायची आणि ठरवायची. गुफरान घरी असला की त्याला चार भाकरी लागतात, नाजनीन दिवसभर मशिनीवर असती, म्हाताऱ्याला औषध रिकाम्या पोटी चालत न्हाय, आणि ही पोरगी वाढीची. मग राहिलं कोण? मोडलेल्या भाकरीचे तुकडे असले तर संध्याकाळी पाण्यात बुडवून. न्हायतर पाणीच. नाव रोज्याचं. रोजा म्हणलं की कुणी जेव म्हणत न्हाय ना."

समरानं पिठाच्या डब्याकडे बघितलं.

"आता लिहा. तिथं वर अल्लाकडे बी त्याचे मार्क न्हाईत, नियत न्हाय म्हणून. तुमच्याकडे तर असू द्या. लिहा की. हात का थांबला? भाकरी वाकवायला बरा उचलला हुता."

मास्तरांचा हात खरंच थांबला होता. त्यांनी खाली बघून लिहिलं. बेरीज पुन्हा एकदाच केली, आणि या वेळी आकडा मोठ्यानं सांगितला नाही. कागद समराच्या पुढे सहीला सरकवला. तिथे अठ्ठेचाळीस होते.

जाताना ते दारात रेंगाळले. काहीतरी बोलायचं होतं. "मदिनाबाई, त्या वेळी..." एवढं ते म्हणाले.

"चपला तिकडं हायत," मदिनाबी म्हणाली.

---

यादी दहा दिवसांनी मोबाइलवर आली. समराचं नाव होतं. सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. बोळात अठ्ठेचाळीस मार्कांची बातमी अशी फिरली की जणू पोरगी जिल्ह्यात पहिली आली. लोकांनी आपापल्या घराचे मार्क काढले. बजाबाईचे फ्रिजमुळे छत्तीस झाले, आणि तिनं दोन दिवस मदिनाबीशी बोलणं बंद ठेवलं.

पण समरा बॅग भरेना. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी तिनं सांगून टाकलं. नाही जात. दुकानात लागते. पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो.

मदिनाबीनं दार सताड उघडलं आणि मराठी सुरू केली.

"चौदा वर्सं त्या माणसाला मी पाठ दाखवली. सोताच्या पोराला जे कळू दिलं न्हाय ते त्याच्यापुढं बोलले. ते कशापायी? तू साड्यांच्या घड्या घालाव्यास म्हणून?"

"तू ओरडू नको," समरा म्हणाली. "तू आज जेवलीस?"

"गुरुवार हाय."

"रोजा आहे?"

खाटेवरून गैबीसाबनं मान वळवली. तो उत्तराची वाट बघत होता. या घरात त्यानं वाट बघितलेलं हे पहिलंच उत्तर.

"नियत केलीय का, दादी? सांग. केली असशील तर मी गप्प बसते."

खोटं बोलायला मदिनाबीला काही अडचण नव्हती. पाण्याच्या आणि मटणाच्या बाबतीत आपण बघितलंच. पण हे खोटं तिच्यानं झालं नाही. तिनं उठून जेवायची पितळी घेतली. विक्रीसाठी बांधलेल्या चळतीची दोरी सोडली आणि कोर न मोडलेली भाकरी काढली. त्यावर कांदा, शेंगाचटणी, तेल. समराच्या बरोबर समोर मांडी घालून ती बसली आणि नातीकडे रोखून बघत भाकरीचा तुकडा मोडला. आवाज बजाबाईच्या घरापर्यंत गेला.

"बघ. जेवते. दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग बॅग काढ."

"आधी पूर्ण खा."

"दर सोमवारी-गुरुवारी हितं उभी राहणार हाईस का?"

"व्हिडिओ कॉल करीन. दाखवायचं."

"फोन नाजनीनकडं असतोय."

"अम्मीला सांगून ठेवते. घरी ठेवून जाईल."

मदिनाबीनं एक भाकरी संपवली, दुसरी घेतली. समरा उठली, फळीवरची बॅग खाली काढली, झटकली आणि तिची चेन चालते का बघायला लागली. मदिनाबी तिच्या पाठीकडे बघत चावत होती. एवढ्या रागानं ती आयुष्यात कधी जेवली नव्हती. समराला घालवायलाच ती जेवायला बसली होती. आता समरा निघत होती, म्हणजे थांबायला हरकत नव्हती. पण तिसरी भाकरी हातात आली, तेव्हा तिला कळलं की आपल्याला खरोखरच भूक लागलेली आहे, आणि बहुतेक गेली पाच-सहा वर्षं लागलेलीच होती. या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला. तिनं तीही खाल्ली.